छापील सुरकुत्या

मी एक नकली पोस्टर बोलतोय. नकली म्हटलं म्हणून तुम्ही ओशाळू नका, मी स्वतःच स्वतःला म्हणतोय. माझ्याखाली जी पितळी पाटी ठोकली आहे तिच्यावर 'अस्सल' असं ठसठशीत कोरलंय. ती वाचून माणसं माझ्यापुढे अशा काही माना डोलावतात की कधीकधी मलाच संशय येतो. पण खोटं बोलायची सवय पाटीला आहे, मला नाही. रखवालदार चहाला गेलाय, समोर तुमच्याशिवाय कोणी नाही, तेवढ्यात सांगून टाकतो.

जरा जवळ या. माझ्या अंगावर एक उभी आणि तीन आडव्या रेघा दिसतात ना? जुनी पोस्टरं घडी घालून पाठवत, त्या घड्यांच्या त्या सुरकुत्या. फक्त माझ्या सुरकुत्या छापील आहेत. चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत, तीही छापील. डावीकडे ओला पेला ठेवल्याचा गोल डाग आहे, पण जन्मात माझी कुठल्या पेल्याशी गाठ पडलेली नाही. मी जन्मलो तोच साठ वर्षांचा म्हातारा होऊन. बालपण नाही, तारुण्य नाही, एकदम पिकलेलं पान.

माझा जन्म एका छपाईच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत झाला. त्या दुकानात लग्नपत्रिका, दुकानांचे फलक आणि 'येथे वाहन लावू नये' असल्या पाट्या छापतात. माझ्या आधी त्याच यंत्रातून एका दंतवैद्याचा हसरा जबडा बाहेर पडला होता, आणि माझ्या मागोमाग हरवलेल्या कुत्र्याचे पन्नास फोटो आले. असल्या भावंडांत वाढलेल्यानं घराण्याच्या गोष्टी करू नयेत हे मला तेव्हाच कळलं.

जन्मदाती कोण म्हणाल, तर सूनबाई. अकरा वर्षं ती त्या दुकानात काम करते. कानामागे पेन्सिल, बोटांना शाई, आणि एका नजरेत कागदाची जाडी सांगेल अशी. तिनं एका खऱ्या जुन्या पोस्टरचे यंत्राखाली पट्ट्यापट्ट्यांनी फोटो काढले, ते जोडले, रंग जुळवले आणि मला छापलं. ते खरं पोस्टर म्हणजे माझा थोरला. पुढे आम्ही तीन दिवस एकाच पेटीत, एकमेकांना चिकटून राहिलो. आधीच्या गोष्टी मला त्यानंच सांगितल्या.

थोरल्याच्या सिनेमाचं नाव मी सांगत नाही. नायकाची नातवंडं हयात असतील, उगाच त्यांना कशाला दुखवा. चित्र मात्र तुमच्यासमोरच आहे. तलवार उपसलेला नायक, रडणारी नायिका, कोपऱ्यात हसणारा खलनायक आणि मधोमध उधळलेला घोडा. घोड्याचे पाय मोजा. पाच आहेत. चित्रकाराला घाई असावी, किंवा घोडा फारच वेगात असावा. सिनेमा तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी त्याच्या पोस्टरांवर दुसऱ्या सिनेमाची पोस्टरं बसली आणि घोडा पाचही पायांसकट गाडला गेला.

ती पोस्टरं चिकटवणारा माणूस म्हणजे बादलीकाका, सूनबाईचे सासरे. याच थिएटरात ते कामाला होते. हो, आज जिथे मी टांगलेला आहे ते संग्रहालय म्हणजे ते बंद पडलेलं थिएटरच. बत्तीस वर्षं दर गुरुवारी पहाटे काका सायकल काढत. हँडलला मैद्याच्या खळीची बादली, खांद्यावर शिडी, कॅरियरवर पोस्टरांचा गठ्ठा. गुरांनी चाटू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेला असे, त्यानं त्यांची बोटं कायमची निळसर झाली होती. शुक्रवारी सिनेमा बदले, त्याच्या आत गावभर पोस्टरं लागायला हवीत. त्यांनी लावलेल्या कागदाला एक फुगा राहत नसे. लोक त्यांचं खरं नाव विसरून गेले, बादलीकाका तेवढं राहिलं.

आता यातली मेख सांगतो. कुठे किती पोस्टरं लावायची याची यादी थिएटरचा मॅनेजर दर आठवड्याला लिहून द्यायचा. आणि बादलीकाकांना वाचता येत नव्हतं. अक्षर म्हणून एक नाही. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना. काकूंनी त्यावर तोड काढली. तीन दिवसांत आपटलेल्या त्या सिनेमाचं एक पोस्टर उरलं होतं, ते लावायला भिंत नव्हती. काकूंनी ते उलटं केलं आणि जाडजूड कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं नवऱ्याला रस्ता काढून दिला. पाण्याची टाकी. न्हाव्याची खुर्ची. दवाखान्याची बाटली. शाळेची घंटा. घड्याळाचा मनोरा, ज्याचे काटे कधीच चालत नसत, म्हणून काकूंनी काटे काढलेच नव्हते. प्रत्येक चित्राशेजारी जितकी पोस्टरं तितक्या उभ्या रेघा. मॅनेजरची यादी बदलली की काकू रेघा खोडून नव्या ओढत. सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात, एक झाकलेलं ताट होतं. म्हणजे आता पुढे काही नाही, घरी या, जेवण झाकून ठेवलंय.

पुढे मुलगा झाला तेव्हा ताटाशेजारी एक पाळणा आला. म्हणजे पाय न वाजवता या.

हे सगळं थोरल्याच्या पाठीवर. पोटावर पाच पायांचा घोडा आणि पाठीवर हा संसार. थोरला मला म्हणायचा, लोक आपल्याला पोटावरून ओळखतात, पण मला कोणी हाताळलं असेल तर ते पाठीवरून. काकू गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. काका ते पोस्टर पेटीतून काढायचे, उलटं अंथरायचे, आणि निळसर बोट टाकीपासून ताटापर्यंत फिरवायचे. मग घडी घालून ठेवून द्यायचे.

त्या पाळण्यातलं बाळ मोठं होऊन चिरंजीव झालं. मी त्यांना चिरंजीवच म्हणतो, कारण मान घेताना ते कधी दमत नाहीत. माणूस वाईट नाही. नोकरी करतात, वडिलांना वेळेवर डॉक्टरकडे नेतात. फक्त चार लोकांत आपलं नाव निघावं, या एका गोष्टीची त्यांना भारी हौस. थिएटरचं संग्रहालय होणार हे कळलं तेव्हा त्यांनी पेटी उघडून थोरल्याचा फोटो काढला आणि भिंगसाहेबांना पाठवून दिला. वडिलांना विचारायचं राहून गेलं.

भिंगसाहेब म्हणजे जुन्या पोस्टरांचे तज्ज्ञ. गळ्यात भिंग, खिशात भिंग, आणि नाक असं वर की भिंगाशिवाय खालचं काही दिसू नये. त्यांनी लगेच उलट फोन केला. म्हणाले, अशी प्रत दुसरीकडे कुठे ऐकिवात नाही, आपण ती कापडावर चढवून काचेत लावू आणि खाली दात्याचं नाव कोरू. चिरंजीव तिथल्या तिथे हो म्हणाले. मग त्यांना आठवलं म्हणून सांगितलं, मागे पेन्सिलीच्या काहीतरी रेघोट्या आहेत, लहानपणी मीच मारल्या असतील. भिंगसाहेब म्हणाले, रबरानं काढून टाका. नाही निघाल्या तर कापडाखाली जातीलच.

चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी नवंकोरं रबर आणलं आणि बायकोच्या हातात दिलं. तुझा हात हलका आहे म्हणाले.

बादलीकाका हे सगळं ऐकत बसले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की कापड लावलं की मागचं परत दिसणार नाही का. चिरंजीव म्हणाले, कायमचं बंद, त्यानंच तर टिकतं. काका उठून आत गेले. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर मुलाला, वयाच्या या टप्प्यावर, आपला बाप अडाणी आहे हे सांगावं लागणार. बत्तीस वर्षं मॅनेजरपासून लपवलं, चाळीस वर्षं मुलापासून लपवलं. मुलगा तर गावभर सांगत फिरे की आमच्या बाबांना सिनेमातलं सगळं ज्ञान आहे. ज्या बायकोनं ही लाज झाकली, तिचीच चित्रं आता रबराखाली जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सूनबाई पेटीपाशी बसली. पोस्टर उलटं केलं, रबर हातात घेतलं आणि थांबली. रोज कागद बघणारी बाई ती. म्हणाली, बाबा, या लहान मुलाच्या रेघोट्या नाहीत, लहान मूल इतक्या सरळ रेघा ओढत नाही. काकांनी दार लोटून घेतलं.

"पोरी, मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "हे तुझ्या सासूनं मला लिहून दिलेलं आहे."

सूनबाई उठली. तिनं रबर पर्समध्ये टाकलं, थोरल्याची घडी घातली आणि दुकानात घेऊन गेली. तासाभरानं मी जगात आलो.

मला घरी आणून थोरल्याशेजारी अंथरलं तेव्हा काकांनी माझ्यावरून हात फिरवला. घड्यांवर बोट नेलं तर बोट सपाट पुढे सरकलं. भोकांवर नेलं तर भोक लागेना.

"भोकं बुजवलीस की काय?"

"बाबा, ती छापलीत."

काका हसले. काकू गेल्यापासून त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं, असं थोरला मला म्हणाला. मग त्यांनी मला जमिनीवर सरळ केलं, गुडघे टेकले आणि घडी घालायला सुरुवात केली. हजारो पोस्टरांची घडी मोडणारा माणूस, पण नवी घडी पाडायची वेळ पहिल्यांदाच आलेली. छापील रेघेवर बरोबर खरी घडी यावी म्हणून अंगठ्याचं नख दाबत दाबत नेत होते. तीन घड्या नेमक्या बसल्या. चौथीला नख घसरलं आणि घडी रेघेपासून बोटभर बाजूला पडली. तिथे मला शेजारीशेजारी दोन सुरकुत्या झाल्या, एक छापील आणि एक खरी. माझ्या अंगावरची ती पहिली खरी खूण, आणि तीही चुकलेली. सूनबाई म्हणाली, राहू द्या, कागद पुन्हा सरळ होत नाही.

तीन दिवसांनी भिंगसाहेब मला न्यायला आले. मला टेबलावर पसरलं आणि त्यांनी चिरंजीवांना अस्सल पोस्टर कसं ओळखावं यावर व्याख्यान दिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, हेच तर आश्चर्य. म्हणाले, पहिल्यांदा घड्या बघायच्या, नकलीवर त्या नुसत्या दिसतात, हाताला लागत नाहीत. मग खाली छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत असतं, नकलीत ती अक्षरं फुटतात. मग भिंगातून ठिपके बघायचे, नकलीत ठिपक्यांवर ठिपके दिसतात. आणि शेवटी पाठ. जुन्या कागदाची पाठ पिवळी पडलेली असणारच.

मी मनात म्हटलं, संपलं आता. घड्यांची एक सोडली तर बाकी तिन्ही परीक्षांत आपण नापास.

भिंगसाहेबांनी घड्यांवर बोट फिरवलं. लागल्या. दोन सुरकुत्या शेजारीशेजारी बघून ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "वा. एकदा छापखान्यात घडी घातली, एकदा थिएटरात. हे फक्त अस्सलातच सापडतं." मग भिंग लावून छापखान्याचं नाव पाहिलं. माझ्या अंगावर तिथे नुसती मुंग्यांची रांग आहे. म्हणाले, शाई फुटलीय, त्या काळची शाई अशीच फुटायची. ठिपक्यांवर ठिपके दिसले. म्हणाले, दोनदा छापलेलं दिसतं, फार मेहनतीचं काम. घोड्याच्या पायांचं मात्र त्यांनी नावही काढलं नाही, बहुधा चारच असतात हे गृहीत धरून.

मग त्यांनी मला उलटं केलं. माझी पाठ म्हणजे दुधासारखी पांढरीशुभ्र. कालपरवा गिरणीतून निघालेला कागद, त्याला पिवळं पडायला वेळ तरी कुठे मिळाला? काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. सूनबाईनं श्वास रोखला होता. माझ्याकडे श्वास असता तर मीही रोखला असता.

"मागची बाजू कोणी साफ केली?" भिंगसाहेबांनी विचारलं.

"मी," सूनबाई म्हणाली.

"कमाल आहे. साठ वर्षांचा पिवळेपणा नुसत्या रबरानं काढलात. आमच्याकडे शिकवायला या."

चिरंजीवांची छाती दोन इंच फुगली. भिंगसाहेबांनी तिथेच प्रमाणपत्र लिहिलं. माझी खात्री आहे, मी सिनेमाचं पोस्टर नसून चादर असतो तरी त्या दिवशी त्यांनी मला पासच केलं असतं. घरातून निघतानाच त्यांनी मला अस्सल ठरवलं होतं, नंतरचं सगळं त्याला पुरावे गोळा करणं होतं. आणि यात तुम्ही हसू नका. तुम्हीही मघाशी आधी पाटी वाचलीत आणि मग माझ्याकडे पाहिलंत. मी बघत होतो.

मला गुंडाळून न्यायला लागले तेव्हा बादलीकाका पहिल्यांदा बोलले. म्हणाले, कापडावर चढवायचं तर खळ मीच लावणार. भिंगसाहेबांना कल्पना आवडली. जुना चिकटवणारा जुनं पोस्टर चिकटवतोय, असा फोटो छान येईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी थिएटरच्या मागच्या खोलीत काकांनी खळ शिजवली. फोटो काढून झाले. खळ निवायला अर्धा तास लागेल असं काकांनी सांगितल्यावर सगळे जेवायला गेले. खोलीत राहिले काका, सूनबाई आणि मी पालथा. त्या अर्ध्या तासात काय झालं ते मी शेवटी सांगतो. मग काकांनी ब्रश उचलला. मधून कडेकडे, मधून कडेकडे, असा हात चालला. एक फुगा राहिला नाही. माझी पाठ कापडाला लागली ती लागलीच.

उद्घाटनाला पुष्कळ माणसं आली. मी काचेत, माझ्याखाली पितळी पाटी, पाटीवर 'अस्सल', 'एकमेव', आणि दाता म्हणून चिरंजीवांचं नाव, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. बादलीकाकांचं नाव पाटीवर नव्हतं. चिरंजीव बोलले, भिंगसाहेब बोलले, अस्सल आणि नकली यांतला फरक माझ्याकडे बोट दाखवून समजावून झाला. मग भिंगसाहेबांना प्रेमाचं भरतं आलं. त्यांनी काकांना हाताला धरून पुढे आणलं, ध्वनिक्षेपक त्यांच्या तोंडापाशी धरला आणि म्हणाले, "काका, ही पाटी तुमच्याच आवाजात वाचून दाखवा."

सगळी माणसं कौतुकानं बघत होती. चिरंजीवांनी मोबाइल उचलून धरला होता. काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. पाटीकडे पाहिलं. त्यांचं निळसर बोट पहिल्याच अक्षरावरून घसरलं आणि मला ती चौथी घडी आठवली. आयुष्यभर झाकून ठेवलेली गोष्ट आता दोनशे माणसांसमोर उघडी पडणार होती, आणि मी काचेआड, माझा काही उपयोग नव्हता. नकली असल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, त्या क्षणी वाटलं. थोरला असता तर त्यांना निदान पाठीचा आधार तरी झाला असता.

सूनबाई गर्दीतून पुढे यायला निघाली. तेवढ्यात काकांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

"पाटीवर लिहिलंय ते तुम्हाला सगळ्यांना दिसतंच आहे," ते म्हणाले. "जे लिहिलेलं नाही ते सांगतो. गुरुवारी पहाटे निघायचं. पहिल्यांदा पाण्याची टाकी, तिथे दोन. न्हाव्याच्या दुकानाशेजारी एक. दवाखान्याच्या भिंतीला एक, पण खिडकीखाली, म्हणजे रोगी वाचत बसतात. शाळेसमोर तीन, पोरं एक फाडतातच. घड्याळाच्या मनोऱ्याला चार. बादलीत खळ उरली तर पुलाच्या खांबाला एक जास्तीचं." त्यांनी बोट खाली कोपऱ्याकडे नेलं. "मग घर. ताट झाकलेलं असायचं."

टाळ्या वाजल्या. म्हाताऱ्याची स्मरणशक्ती बघा, असं पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं. भिंगसाहेबांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना चहाला बोलावलं.

माणसं चहाकडे वळली तसे चिरंजीव तणतणत आले. एवढी सोन्यासारखी पाटी कोरून घेतली, ती वाचायची सोडून काय न्हावी आणि दवाखाना सांगत बसलात, माझं नाव तेवढं राहिलं, असं बरंच काही म्हणाले. काका माझ्यासमोरच्या बाकावर बसले. दमले होते.

"वाचता येत नाही म्हणून नाही वाचलं," ते म्हणाले.

चिरंजीवांना आधी तो चष्म्याचा दोष वाटला. नंबर बदलला असेल म्हणाले. काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग माझ्या प्रगतिपुस्तकावर सही कोण करायचं? तुमची सही असायची त्यावर."

"तुझी आई करायची. मी शेजारी चष्मा लावून बसायचो."

चिरंजीव बाकावर बसले, वडिलांपासून हातभर अंतरावर. मी त्यांचा चेहरा समोरून पाहत होतो. हळूहळू त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. टाकी, खुर्ची, बाटली, घंटा. मघाशी वडील बोलले ते आपण कुठेतरी पाहिलंय. मग ते एकदम पांढरे पडले, माझ्या पाठीइतके.

"मागची ती चित्रं आईची होती," ते म्हणाले. "आणि मी ती खोडायला लावली."

त्या माणसाबद्दल मी इतका वेळ वाकडंतिकडं बोललो, पण खरं सांगतो, तेव्हा मला त्यांची दया आली. रबर त्यांनीच आणून दिलं होतं. सूनबाई समोर उभी होती. तिनं पर्स उघडली आणि आतून रबर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. वेष्टण तसंच होतं. चारही कोपरे धारदार.

चिरंजीवांनी रबराकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्या दालनात मला नीट पाहणारा तो पहिला माणूस होता. ते उठून काचेला नाक लावून उभे राहिले. छापील सुरकुत्या पाहिल्या, छापील भोकं पाहिली, घोड्याचे पाय मोजले. ओठांची हालचाल मला कळली. पाच.

"म्हणजे हे...?"

"हळू बोल," काका म्हणाले. "साहेब चहा पितायत."

यानंतर काही कोणी उठून सत्य सांगितलं नाही. सांगावं तर भिंगसाहेबांचं प्रमाणपत्र, संग्रहालयाचं पत्रक, चिरंजीवांचं नाव, सगळंच पाण्यात. म्हणून मी आजही अस्सल आहे. दर महिन्याला भिंगसाहेब माझ्यासमोर वर्ग भरवतात आणि नकली पोस्टरांपासून सावध कसं राहावं ते शिकवतात. बाहेरच्या दुकानात माझ्या छोट्या प्रती विकायला ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीच्या कडेला बारीक अक्षरांत 'प्रतिकृती' असं छापलंय. अख्ख्या इमारतीत तेवढ्याच काय त्या खरं बोलतात. माझीच पोरं ती, पण बापाच्या वळणावर गेली नाहीत.

चिरंजीव अधूनमधून पाहुण्यांना घेऊन येतात. पूर्वी 'अस्सल' हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघायचा की काच थरथरावी. आता ते तो शब्द गिळतात. म्हणतात, "हे आमच्या बाबांनी लावलंय. एक फुगा दाखवा." हे मात्र सोळा आणे खरं आहे. गेल्या महिन्यात त्यांनी पाटी बदलून घेतली. 'अस्सल' तसंच राहिलं, पण दाता गेला आणि त्या जागी 'लावणारे : बादलीकाका' असं आलं. काका दर गुरुवारी येतात, समोरच्या बाकावर बसतात आणि ती ओळ बघतात. वाचता येत नसलं तरी कुठली ओळ आपली हे त्यांना ठाऊक आहे. थोरला घरी आहे, पेटीत, पालथा. चिरंजीव आता स्वतः काकांशेजारी बसतात आणि काका त्यांना बोटानं रस्ता दाखवतात, असं सूनबाई बाकावर बसून मैत्रिणीला सांगत होती. पाळण्याचं चित्र येतं तेव्हा चिरंजीव आवाज खाली आणतात म्हणे.

आता त्या अर्ध्या तासाचं. रखवालदाराची पावलं वाजतायत, तेव्हा पटकन सांगतो. खळ निवत होती. काकांनी माझ्या कोऱ्या पाठीकडे पाहिलं आणि सूनबाईच्या कानामागची पेन्सिल मागितली. जन्मात पेन्सिल न धरलेला माणूस. त्यांनी ती ब्रशासारखी मुठीत धरली, खालच्या कोपऱ्यात टेकवली आणि एक वाकडातिकडा गोल काढला. त्याच्यावर दुसरा, घसरलेल्या झाकणासारखा. सूनबाईनं विचारलं, हे कशाला. काका म्हणाले, "हा बिचारा आपल्यासाठी खोटं बोलायला चाललाय. उपाशी नको पाठवायला."

माझ्या अंगावरचं बाकी सगळं यंत्रानं दिलेलं आहे. घोडा उसना, सुरकुत्या उसन्या, डागसुद्धा उसना. ते ताट तेवढं माझं आहे, आणि जगात त्याची दुसरी प्रत नाही.

तेव्हा एकच मागणं आहे. आज ना उद्या कोणी नवा हुशार माणूस नवं भिंग घेऊन येईल, मला नकली ठरवील आणि कापडावरून सोडवायला काढील. माझी त्याला हरकत नाही, त्याचं खरंच असेल. फक्त मला पालथं केल्यावर खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची दोन वाकडी वर्तुळं दिसतील, तेव्हा त्या कोणाच्या तरी रेघोट्या समजून रबर शोधू नका. खळ हळूहळू सोडवा. खाली ताट झाकलेलं आहे.